चार हजारांची फरशी

दिवाळीच्या सुट्टीत लोक सहलीला जातात. यंदा आम्ही मोखाड्याला गेलो ते एक देणे फेडायला. रक्कम चार हजार रुपयांची होती आणि पाच महिने आमच्याकडे अडकून पडली होती.

भिवंडीहून पहाटे निघालो. वाडा येईपर्यंत दोन्ही बाजूंना कापणीला आलेली भातशेती. येथला कोलम तांदूळ आपल्या घरी बिर्याणीला नसला, तरी रोजच्या खाण्याला असतोच. विक्रमगड मागे पडले की रस्ता वळणे घेत चढू लागतो आणि जव्हार येते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरचे हे गाव कधीकाळी मुकणे राजांच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले. राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास राजवाडा टेकडीवर अजून उभा आहे. आम्ही जव्हारला जुहरची नमाज अदा केली, डबा उघडला आणि मोखाड्याची गाडी धरली. पुढे त्र्यंबक आणि नाशिककडे जाणारा हाच रस्ता. वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर, पण डोंगर आणि दऱ्या यांमुळे जास्त वाटते.

वाटेत जिकडे पाहावे तिकडे काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचा हा थिजलेला लाव्हा. गंमत अशी की इतका दगड असूनही आपल्या घरातली फरशी येथून येत नाही. हा पाषाण कठीण असतो आणि त्याचे सरळ, पातळ थर सुटत नाहीत. शहाबादी फरशी येते कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, कोटा राजस्थानातून, कडप्पा आंध्रातून. हे सारे चुनखडीचे दगड. प्राचीन समुद्रांच्या तळाशी थरावर थर साचून बनलेले, म्हणून ते पापुद्र्यासारखे सरळ सुटतात. मोखाड्याहून दगड जात नाही, फरशी बसवणारे हात मात्र जातात. अशाच दोन हातांचे पैसे आम्ही ठेवून घेतले होते.

आता देण्याची हकिकत.

आमचे घर अब्बांनी बांधले, तेव्हा त्यात दहा बाय दहा इंचाच्या मोझॅकच्या लाद्या बसवल्या होत्या. पांढऱ्या-करड्या जमिनीत लाल आणि काळे खडे. अब्बा गेले, लाद्या काळवंडल्या. सगळे उखडून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवाव्यात आणि मागे बांधलेल्या नव्या खोलीतही त्याच घालाव्यात, असे आम्ही ठरवले होते. अम्मींना ते पसंत नव्हते, पण त्या बोलल्या नाहीत.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची फरशी दोन वर्षांपूर्वी बदलली, तेव्हा मोखाड्याकडचे एक आदिवासी मिस्त्री कामाला होते. मशिदीची फरशी घालणे सोपे नसते. सफांच्या पट्ट्या भिंतीला समांतर धरून चालत नाही, किब्ल्याला धरून आखाव्या लागतात. आपल्या भागातून किब्ला ठीक पश्चिमेला नसून किंचित उत्तरेकडे आहे. जुनी इमारत असेल तर भिंत एकीकडे आणि दोरी दुसरीकडे जाते. मग कडेच्या प्रत्येक लादीला तिरका काप घ्यावा लागतो. या मिस्त्रींनी इमामसाहेबांकडून दिशा समजून घेतली, दोरी बांधली आणि सगळे तिरके काप एका कडेला, चपला ठेवण्याच्या बाजूला नेले. आज त्या सफेत उभे राहिले की कोणाच्या लक्षातही येत नाही. मिस्त्रीदादांना आम्ही घरी बोलावले ते यामुळेच.

त्यांनी उकिडवे बसून एका लादीवर पाणी टाकले, ओल्या बोटाने घासले आणि म्हणाले, "सर, ही लादी मेली नाय. मळली आहे. घासून काढू. नव्या खोलीतपण हीच घाला."

अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हेच मी म्हणत होते."

आपण जिला मोझॅक म्हणतो, तिचे जगभरातले नाव टेराझो. खऱ्या मोझॅकमध्ये एकेक तुकडा जागच्या जागी रचून चित्र करतात. टेराझोत संगमरवराचे बारीक खडे सिमेंटमध्ये मिसळून थर देतात आणि तो घासून गुळगुळीत करतात. इटलीतल्या व्हेनिसच्या कारागिरांनी ही रीत नावारूपाला आणली. मोठ्या कामातून उरलेले संगमरवराचे तुकडे फेकून न देता त्यांनी त्यांची जमीन केली. म्हणजे मुळात ही काटकसरीची कला. आपल्याकडे फेरोजशा आणि रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी १९२२ साली भारत टाइल्सची स्थापना केली आणि उरणला कारखाना काढला. परदेशी लाद्यांना देशी जोड हवी, हा स्वदेशीचा विचार त्यामागे होता. पुढे सिमेंटच्या लाद्या मुंबई, ठाणे, भिवंडीच्या घराघरांत पोचल्या. शाळांच्या जुन्या व्हरांड्यांत दिसते ती दुसऱ्या तऱ्हेची, जागेवरच ओतलेली फरशी. तिच्यात काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडलेले असतात. त्या पट्ट्या शोभेपुरत्या नसतात. सिमेंट आकसते, तेव्हा भेग वेडीवाकडी न जाता पट्टीपाशी थांबावी, हा त्यांचा खरा उपयोग.

मे महिन्यात वीस दिवस काम चालले. आम्हाला सुट्टी होती, त्यामुळे सगळे पाहता आले. नव्या खोलीत त्यांनी आधी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर लेव्हलच्या खुणा केल्या. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी खूण चुकते, म्हणून नळी पुन्हा पुन्हा झटकून पाहिली. मग दोरी ताणून चार कोपऱ्यांना ठिये बसवले. खाली वाळू-सिमेंटचा माल पसरला, वर सिमेंटचा पातळ घोळ, त्यावर लादी आणि रबरी हातोडीचे चार ठोके. आवाज भरीव आला की पुढची लादी. न्हाणीकडे किंचित ढाळ ठेवला आणि तांब्याभर पाणी ओतून दाखवले. पाणी कोठेही न थांबता निघून गेले.

आम्ही विचारले, "दादा, हे कोठे शिकलात?"

"शेतात," ते हसून म्हणाले. "आवणीच्या वेळी खाचरात चिखल सारखा करतो, तिथं पाणीच सांगतं कुठं उंच, कुठं खोल. इथंपण पाणीच सांगतं. बाकीचं ठाण्याला एका मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो. सहा वर्षं बिगारी केली."

सात दिवस फरशी ओली ठेवून मग घासाई सुरू झाली. आधी साठ नंबरचा खरखरीत दगड, मग एकशेवीस, शेवटी तीनशेवीस. मशीनखाली सतत पाणी. करडा राडा खोलीभर. पहिल्या घासाईनंतर लादीत सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात. ती त्याच रंगाच्या सिमेंटने भरून, सुकवून पुन्हा घासायची. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची भुकटी टाकून चमक आणायची. अब्बांच्या लाद्यांमधले लाल खडे वर आले, तेव्हा अम्मी कितीतरी वेळ दारात उभ्या होत्या.

ही घासाईच या फरशीच्या मुळावर आली. गुजरातेतल्या मोरबीहून येणारी टाइल बसवली की काम संपते. मोझॅकला घासाईचे दिवस, राडा आणि मजुरी लागते. त्यामुळे लोक तिला टाळतात आणि घासाई जाणणारे कारागीरही कमी होत आहेत. पण पन्नास वर्षांनी पुन्हा घासून नवी होणारी फरशी हीच. व्हिट्रिफाइड टाइलचा वरचा थर एकदा खराब झाला की ती उखडूनच टाकावी लागते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मिस्त्रीदादांना गावी जायची घाई झाली. पाऊस पडायच्या आत राबात भात पेरायचे होते. शेवटच्या दिवशी हिशोबाला बसलो, तेव्हा नव्या खोलीतल्या दोन लाद्या ठोकल्यावर पोकळ वाजल्या. आम्ही म्हणालो, "दादा, हे नीट करून द्या, मग राहिलेले चार हजार देऊ." त्यांनी लाद्यांकडे पाहिले, भिंतीशी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाकडे पाहिले आणि म्हणाले, "पाऊस संपल्यावर येतो, सर." एवढेच. हत्यारांची पिशवी उचलून ते गेले.

गणपतीच्या सुट्टीत आम्ही दुसऱ्या एका कारागिराला बोलावले. त्याने त्या दोन लाद्या अलगद उचलल्या आणि खालचा माल दाखवला. बाकी सगळीकडे माल एकजीव होता. या दोन ठिकाणी मात्र तो चुरडला होता, तोही कपाटाचे पाय बसतील एवढ्याच अंतरावर. तो म्हणाला, "बसवणाऱ्याचा दोष नाही. माल ओला असताना वजन आलंय."

अम्मींनी आमच्याकडे पाहिले. मिस्त्रीदादांनी आठवडाभर खोलीत काही ठेवू नका, असे बजावले होते. तिसऱ्याच दिवशी पाहुणे यायचे म्हणून आम्ही ते कपाट तेथे सरकवले होते. घासाईच्या वेळी ते पुन्हा बाहेर काढले आणि सारे विसरून गेलो. मुलांना शाळेत आम्ही शिकवतो की मजुराची मजुरी त्याचा घाम वाळण्याआधी द्यावी. हुकूकुल इबाद समजावून सांगतो. माणसाचा हक्क मारला असेल, तर त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटका नाही, हे पाठ करून घेतो. आणि आमच्या घरात एका माणसाची कमाई अडकून राहिली होती. त्यांचा फोन लागेना. पावसाळ्यात पाड्यावर नेटवर्क नसते, असे ते म्हणाले होते. मशिदीच्या कामाच्या वहीत त्यांच्या पाड्याचे नाव मिळाले. ते घेऊन आम्ही निघालो होतो.

मोखाड्याच्या बाजारात उतरलो तेव्हा स्टँडजवळ दोन टेम्पो उभे होते. वर भांडी, गोधड्या, कोंबड्यांची खुराडी, तांदळाची बोचकी आणि त्यांवर बसलेली मुले. भातकापणी आटोपली की येथली घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. भिवंडी, वसई, ठाणे, नाशिक. बरेच जण होळीला परततात, काही पावसाच्या तोंडावर. ज्या तालुक्याच्या हद्दीतल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, तेथल्याच पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. माणसेही पाण्याच्याच वाटेने शहराकडे जातात.

पाडा बाजारापासून तासाभराच्या चालीवर. उतारावर नाचणी कापून ठेवलेली. मिस्त्रीदादांचे घर कारवीच्या कुडाचे. ते अंगणात खळ्याजवळ होते. आम्हाला पाहून आधी दचकले आणि मग लगबगीने बाज पुढे ओढली. "सर, बाई, तुम्ही इकडं?"

आम्ही चपला काढून आत गेलो. जमीन मातीची, शेणाने सारवलेली. पण अशी सारखी की तिच्यावर गोटी ठेवली तर हलणार नाही. मुरूम पसरायचा, पाणी शिंपडायचे, चोपण्याने चोपायचे, पुन्हा पाणी, पुन्हा चोपायचे आणि मग सारवायचे. पाणी, दाब आणि धीर. आमच्या नव्या खोलीची फरशीही या तीन गोष्टींनीच झाली होती. तीत धीराचा भाग आम्ही पाळला नव्हता.

ताईंनी कोरा चहा दिला. आम्ही कपाटाची गोष्ट सांगितली. मिस्त्रीदादा म्हणाले, "मला तवाच कळलं होतं, सर. पायांचे डाग होते लादीवर."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सर. तुम्ही बोलले पोकळ, म्हणजे पोकळ. भांडत बसलो असतो तर पेरणी गेली असती."

आम्ही पाकीट पुढे केले. त्यांनी नोटा मोजल्या. "पाच हजार हाईत. एक जादा आहे." उशिराचे म्हणून दिले असते, तर ते व्याजासारखे झाले असते. आम्ही म्हणालो, "ते मुलीच्या वह्या-पुस्तकांसाठी." त्यांनी ठेवून घेतले. आम्ही माफी मागितली, तेव्हा ते नुसतेच हसले आणि म्हणाले, "चालतं."

तेवढ्यात ताई बोलल्या. त्या आतापर्यंत गप्प होत्या. "तवा मिळाले असते तर भट्टीची उचल घेतली नसती."

मग सगळे कळले. जूनमध्ये चार हजार हातात आले नाहीत. खत आणायचे होते, पावसाळ्याचे धान्य भरायचे होते. जुलैत वीटभट्टीचा मुकादम आला आणि आठ हजारांची उचल देऊन गेला. उचल घेतली की ती फिटेपर्यंत त्या भट्टीवर राबायचे. यंदा नाशिकला एका इमारतीच्या फरशीचे काम त्यांना मिळत होते. ते सोडून आता नवरा-बायको दोघे विटा पाडायला जाणार आणि चौथीतली मुलगी त्यांच्याबरोबर. कर्जापायी माणसाला बांधून ठेवण्याविरुद्ध १९७६ पासून कायदा आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला, कल्याणकारी मंडळ आहे. पण मंडळात नोंद करायची तर वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. दहा घरी दहा-वीस दिवस राबणाऱ्याला तो देणार कोण? आम्ही तरी वीस दिवसांचे काही लिहून दिले होते का?

आम्ही म्हणालो, "उचल आम्ही फेडतो. तुम्ही नाशिकला जा."

त्यांनी मान हलवली. "नाशिकचं काम दुसऱ्याला गेलं. आणि मी शब्द दिला आहे. आमच्यासंगं चार घरं आहेत, गाडी ठरली आहे."

भट्टी कोठे, असे विचारले. ती भिवंडी तालुक्यातच निघाली, आमच्या घरापासून फार तर पंधरा किलोमीटरवर. मुलीच्या शाळेतल्या गुरुजींनी तिला शिक्षण हमी कार्ड दिले होते. स्थलांतर करणाऱ्या मुलाला ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येते. ताईंनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवले होते. आम्ही त्याचा फोटो घेतला. मुलीने आम्हाला वही दाखवली. अक्षर नीटनेटके, ओळी सरळ. बापाचा हात.

परतताना जव्हारला मगरिब झाली. एसटीत आम्ही फारसे बोललो नाही.

सुट्टी संपल्यावर आम्ही भट्टीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. तेथल्या बाईंनी कार्ड पाहून मुलीचे नाव लगेच घेतले. ती शाळेत येते. भट्टीवर काम जास्त असते त्या दिवशी येत नाही. महिन्यातून एकदा आम्ही चौकशीला जातो.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी घरांत या उन्हाळ्यात फरशीचे काम निघेल. आम्ही जे महाग किमतीला शिकलो, ते येथे लिहून ठेवतो. माप आधीच लिहून घ्या, दाराची पट्टी आणि भिंतीकडेची स्कर्टिंगही त्यात धरा, म्हणजे शेवटी वाद होत नाही. सगळे पैसे एका ठेकेदाराच्या हाती देऊन मोकळे होऊ नका, खाली राबणाऱ्याला ते पोचले का, ते विचारा. लादी बसवल्यावर आठवडाभर तिच्यावर वजन ठेवू नका आणि ती ओली ठेवा. दगड किंवा लादी कापताना पाणी सोडूनच कापू द्या. ग्रॅनाइटच्या आणि तशा इतर दगडांच्या कोरड्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. किचनच्या ओट्यांना वापरतात त्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून याच कारणाने बंदी घातली. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, चांगला मास्क आणून देणे आपल्याला जड नाही. मोझॅक, कोटा किंवा संगमरवरावर ॲसिड ओतून सफाई करू नका. त्यांतली चुनखडी विरघळते आणि चमक जाते. आणि फरशीत दोष दिसला, तर पैसे अडवण्याआधी कारागिराला विचारा की हे कशाने झाले असेल. आम्ही विचारले असते, तर त्यांनी कपाटाकडे बोट दाखवले असते.

उमरा करून आलेले लोक हरममधल्या मताफच्या फरशीबद्दल सांगतात. भर उन्हातही ती पायांना थंड लागते. तो संगमरवर ग्रीसच्या थासोस बेटावरून आणलेला आहे. ऐकणारे दगडाचे नवल करतात. आम्हीही करत होतो. आता आम्हाला आधी तो दगड बसवणाऱ्यांची आठवण होते.

त्या दोन लाद्या अजून बसवायच्या राहिल्या आहेत. दुसऱ्या कारागिराने उचलून भिंतीशी टेकवून ठेवल्या, तशाच आहेत. होळीनंतर भट्टीची उचल फिटली की मिस्त्रीदादा येऊन बसवणार आहेत. त्या कामाची मजुरी आम्ही आजच वेगळी काढून अम्मींजवळ दिली आहे.